बचत कोणाच्या अंगावर

माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पितळेचा एक डबा आहे. त्याच्या अंगावर, झाकणाच्या कडेखाली, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत माझ्या आईचे सासरचे नाव, डबा देणाऱ्या मामांचे आडनाव आणि १४-५-६८ ही तारीख घातलेली आहे. त्या काळी लग्नात भांडे द्यायचे तर दुकानातच त्यावर नाव घालून घेत, आणि त्याचे पैसे अक्षरांवर मोजले जात असल्यामुळे मजकूर होईल तितका आखडता घेतला जाई. गेली सत्तावन्न वर्षे या डब्यात डाळीचे पीठ राहत आले आहे, आधी साताऱ्याच्या घरात आणि नंतर पुण्यात माझ्याकडे. तो घेताना मामांनी किती रुपये मोजले हे आज कोणालाच सांगता येत नाही, पण तारीख डोळ्यांसमोर आहे, आणि एखादी वस्तू महाग पडली की स्वस्त याचा हिशोब करायचा तर दुकानातल्या आकड्याइतकीच ती तारीखही हाताशी असावी लागते.

हा डबा मी पुन्हा नीट पाहिला तो अलीकडेच, मुलीला नागपूरला नोकरी लागली तेव्हा. मिहानजवळ तिने दोन खोल्यांची रिकामी जागा भाड्याने घेतली होती आणि पहिल्या घराला लागणाऱ्या वस्तूंची यादी तिने मला पाठवली. यादीत त्रेचाळीस वस्तू होत्या, आणि त्यांची बेरीज तिने बाजूला ठेवलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट होत होती. "आई, यात कुठे पैसे घालू आणि कुठे हात आखडू, एवढेच सांग," असे तिने फोनवर विचारले. तीस वर्षे संसार केलेल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असायला हवे होते, पण माझ्याकडे ते नव्हते, म्हणून मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि आईच्या जमाखर्चाच्या वह्या काढून बसले.

आईने १९७१ पासून वह्या ठेवल्या आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, उभ्या, लांबट. दूधवाल्याचे, किराण्याचे, दळणाचे, शाळेच्या फीचे पैसे त्यांत तारखेवार मांडलेले आहेत आणि महिन्याच्या शेवटी शिल्लक काढून तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे ती शिल्लक बहुतेक महिन्यांत दोन आकडी असे, आणि मोठी वस्तू घ्यायची ती भिशी लागली म्हणजे, किंवा दसऱ्या-पाडव्याच्या सुमारास, हप्त्याने. १९८६ च्या वहीत सोफासेट आणि भिंतीला लावायचे काचेचे शोकेस मिळून २,९५० रुपये लिहिलेले सापडले. मिक्सरची नोंद १९९१ सालची आहे. कपडे धुण्याचे यंत्र २००१ साली आले, तेही मी नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर, माझ्या पैशांनी.

हा क्रम वाचला आणि मी बराच वेळ वही मिटू शकले नाही. सोफ्याच्या पैशांत १९८६ मध्ये मिक्सर सहज आला असता आणि वर पैसे उरले असते. त्या पाच वर्षांत आमच्या घरातले सगळे वाटण पाट्यावर झाले. ओले खोबरे, लसूण, डाळीचे वडे करायचे असतील तेव्हा भिजलेली डाळ, होळीला आणि बैलपोळ्याला पुरण. आई पाट्यासमोर एक पाय दुमडून बसत असे आणि वरवंटा ओढताना तिचा उजवा खांदा पुढे जाई. आज ऐंशीच्या घरात आल्यावर तिला तो हात कानाच्या वर नेता येत नाही. कपडे तर मोरीतल्या दगडावर, धोपाटण्याने, पाच माणसांचे, आणि आजी अंथरुणाला खिळल्यावर तिची दुपटी व चादरीही.

सोफा घेतला म्हणून मी वडिलांना दोष देत नाही. त्या वर्षी आत्याच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींना सतरंजीवर बसवणे त्यांच्या जिवावर आले होते. घराची पत बाहेरच्या खोलीवरून ठरते असे सगळ्यांनाच वाटे, आईलाही. मिक्सरचा विषय निघाला की "चार माणसांचे तर वाटण, त्याला यंत्र कशाला," असे म्हणणारी तीच असायची. तिच्या वहीत प्रत्येक पैशाला जागा होती, फक्त तिच्या खांद्याला आणि गुडघ्यांना जागा नव्हती, कारण त्यांचा खर्च कोणत्याही महिन्याच्या शेवटी रोखीने द्यावा लागत नव्हता. तो सगळा तीस वर्षांनी एकदम अंगावर आला. घरात अमुक इतकी बचत झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती फार वेळा कोणाच्या तरी अंगावर झालेली असते, आणि ते अंग बहुधा घरातल्या बाईचे असते.

मुलीला उत्तर द्यायला मला एवढा धागा पुरला. तिच्या यादीतली प्रत्येक वस्तू हातात घेतल्यासारखी करून मी एकच गोष्ट विचारत गेले, की ही स्वस्तातली घेतली, किंवा घेतलीच नाही, तर उरलेली किंमत कोण देणार आणि शरीराच्या कोणत्या भागाने देणार.

तिने गादीसाठी सगळ्यात कमी रक्कम धरली होती आणि सोफ्यासाठी सगळ्यात जास्त. ते मी उलटे करायला सांगितले. रात्रीचे सात-आठ तास, म्हणजे आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा, पाठीचा कणा ज्या वस्तूवर पडून राहतो ती वस्तू ऑनलाइन चित्र पाहून घेऊ नये. दुकानात जाऊन, चप्पल काढून, आपण झोपतो तसे कुशीवर पंधरा मिनिटे पडून राहावे आणि दुकानदाराला काय वाटते याची फिकीर करू नये. गादी महागच असली पाहिजे असे मात्र नाही. आमच्या घरी कापसाच्या गाद्या होत्या, आणि कापूस दबून गाठी झाल्या की उन्हाळ्यात पिंजारी दारात येऊन, धनुकलीच्या तारेवर कापूस पिंजून, त्याच कापसाची गादी पुन्हा नव्यासारखी भरून देत असे. दोन-तीन वर्षांनी थोडी मजुरी दिली की तीच वस्तू नवी होणे, ही सोय आजच्या फोमच्या गादीत नाही, आणि तारेचा तो घुमणारा आवाजही आता आमच्या भागात ऐकू येत नाही. पण नागपुरात कापसाची गादी भरून देणारी दुकाने अजून आहेत हे मला माहीत होते, म्हणून तिला आधी तिकडे पाठवले. विदर्भ कापसाचा प्रदेश आहे. तिथे राहून आपण अंगाखाली फोम का घालावा असेही मला वाटले.

खुर्चीचेही तसेच. आठवड्यातले तीन दिवस ती घरून काम करणार, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास बसून. तरी यादीत खुर्चीच नव्हती. सोफ्यावर मांडी घालून लॅपटॉप मांडीवर घेऊ, असे तिने गृहीत धरले होते. कचेऱ्या हलतात किंवा बंद होतात तेव्हा त्यांच्या चांगल्या, पाठीला टेकण असलेल्या, उंची कमीजास्त होणाऱ्या खुर्च्या जुन्या बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. तशी एक तिने घेतली. सोफा यादीतून गेला.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार मात्र वेगळा करावा लागला, कारण तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गारवा ही चैन राहत नाही. मैत्रिणींनी तिला वातानुकूलन यंत्र घे असे सांगितले होते. मी कूलर सुचवला. हवा कोरडी असली की पाण्याच्या बाष्पीभवनाने ती खरोखरच गार होते, आणि विदर्भातला उन्हाळा कोरडाच असतो. घरगुती कूलरला साधारण २०० वॅट वीज लागते, तर दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला १,५०० वॅटच्या आसपास. पावसाळ्याच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी ठरतो हे खरे, पण तोपर्यंत उन्हाची तलखीही ओसरलेली असते. इथे बचत करताना कोणाचे अंग झिजत नाही.

परंतु याच कूलरशी जोडलेला एक खर्च मी तिला अजिबात टाळू दिला नाही. लोखंडी कूलरच्या टाकीत पाणी भरताना किंवा ओल्या हाताने त्याला स्पर्श होताना विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यांत पाणी भरणाऱ्या बाया आणि खेळता खेळता हात लावणारी मुले असतात. म्हणून कूलर प्लास्टिकच्या अंगाचा घ्यायचा, पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढून ठेवायची, आणि त्याच्याही आधी वायरमनला बोलावून जागेचे अर्थिंग खरोखर चालू आहे की सॉकेटाचे तिसरे भोक नुसते शोभेचे आहे हे तपासून घ्यायचे, असे ठरले. तपासल्यावर ते शोभेचेच निघाले. घरमालकांशी बोलून अर्थिंग दुरुस्त झाले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला. वीज वाट चुकून माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली तर हे छोटे उपकरण क्षणाच्या आत प्रवाह तोडते. अर्धा खर्च मुलीने दिला. भाड्याच्या घरात, जिथला करार अकरा महिन्यांचा असतो, तिथल्या भिंतीत आपले पैसे का घालायचे असे तिच्या मनात आले होते, आणि ते स्वाभाविक होते. पण त्या अकरा महिन्यांत एक पूर्ण उन्हाळा येत होता.

जिवाशी गाठ असलेल्या वस्तू महागच असतात असा एक समज आहे, आणि तो मला घातक वाटतो, कारण त्यामुळे माणसे त्या पुढे ढकलतात. गॅसच्या शेगडीची रबरी नळी घ्या. ती दर पाच वर्षांनी बदलायची असते, वर तारीख छापलेली असते, आणि तिची किंमत हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा जास्त नसते. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्हही तसेच. कुकरवर आयएसआयची खूण असणे २०२१ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे, तरी रस्त्यावरच्या ढिगात बिनखुणेचे कुकर दिसतात आणि शे-दोनशे रुपये वाचतात म्हणून घेतलेही जातात. इथे मला शंभर रुपयांचीही बचत मान्य नाही. तीन लिटरचा साधा, जाड बुडाचा, खुणेचा कुकर आणि त्याच बनावटीची एक जादा रिंग, एवढे मी स्वतः बांधून दिले.

काही वस्तूंच्या बाबतीत हिशोबाची वही सरळ बोलते. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास धरले तर दिवसाला अर्ध्या युनिटाहून थोडा जास्त फरक पडतो, आणि वर्षातले तीनशे दिवस पंखा चालला तर १६० युनिटे वाचतात. सगळे आकार मिळून युनिटला दहा रुपये पडत असतील तर किमतीतला दीड हजारांचा फरक पहिल्याच वर्षात भरून निघतो, आणि जागा सोडताना पंखा काढून नेता येतो. फ्रिजच्या बाबतीत त्यावरच्या वीजबचतीच्या चिठ्ठीतले तारे मोजण्यापेक्षा तिच्यावर छापलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचावा. ही तारांकनाची पद्धत देशात २००६ साली आली आणि तिचे निकष मधूनमधून कडक होत गेले, म्हणून जुन्या सालच्या चिठ्ठीवरचे पाच तारे आणि या सालचे पाच तारे सारखे नसतात.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात मात्र पैसे विनाकारण जाताना मी अनेक घरांत पाहिले आहेत. आरओ यंत्राची खरी गरज असते ती पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतील तेव्हा, म्हणजे मुख्यतः बोअरवेलच्या पाण्याला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नागपूरला पेंच आणि कन्हानचे पाणी येते. मुलीने दोनशे रुपयांचा मीटर आणून नळाचे पाणी मोजले तेव्हा आकडा त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोहोचला नाही. असे पाणी आरओमधून काढायचे म्हणजे एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायचे, तेही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यांच्या शेजारी बसून. अतिनील दिव्याचा साधा फिल्टर घेतला.

भांड्यांच्या दुकानात ती गेली तेव्हा मी फोनवर होते. दुकानदाराने लोहचुंबक काढून दाखवला आणि "चिकटत नाही, म्हणजे स्टील एक नंबर," असे सांगितले. ही समजूत इतकी पसरली आहे की मलाही ती बरीच वर्षे खरी वाटत होती. वास्तविक १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरे असले, तरी निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही, आणि ती प्रत आंबट-खारटाला लवकर डागाळते. भांड्यावर प्रत कोरलेली आहे का ते पाहावे. ताक, चिंचेचे सार, लोणचे ज्यांत राहणार ती दोन-तीन भांडी चांगल्या प्रतीची घ्यावीत; बाकी ताटे-वाट्या साध्या चालतात.

आणि तवा. या एका वस्तूपाशी माझे मन नेहमी रेंगाळते. काळे लेपण दिलेला, हलका, हजार-बाराशेचा तवा दोन-तीन वर्षांत खरवडला जातो आणि मग टाकून द्यावा लागतो. बिडाचा तवा त्याहून स्वस्त मिळतो, सुरुवातीला आठ दिवस त्याला तेल लावून, तापवून, कांद्याच्या अर्ध्या फोडीने घासून मुरवावे लागते, आणि मग तो दोन पिढ्या जातो. त्यात घालायची गोष्ट पैसा नसून आठ दिवसांचे लक्ष आहे. जड आहे हा त्याचा खरा दोष. मनगट अधू असलेल्या बाईने तो घेऊ नये, आणि म्हणूनच आईकडे मी आता लेपण दिलेला हलका तवा ठेवला आहे, दर दोन वर्षांनी बदलावा लागला तरी. सगळ्या घरांना एकच यादी लागू पडत नाही. वस्तू तीच, पण उचलणारा हात बदलला की हिशोब बदलतो.

माझ्याच घरातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे बारा वर्षे एक मावशी फरशी पुसायला येतात. बारापैकी नऊ वर्षे त्यांनी उकिडवे बसून, बादली सरकवत, जुन्या फडक्याने चार खोल्या पुसल्या. लांब दांड्याचा, बादलीतच पिळला जाणारा पोछा मी दुकानात पाहिला होता, बाराशे रुपयांचा, आणि तो महाग वाटून परत ठेवला होता. त्याच दिवाळीत बाहेरच्या खोलीसाठी त्याहून महाग काचेचा दिवा मी घेतला, जो वर्षातून चार दिवस लागतो. मावशींचे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी काम कमी केले, म्हणजे त्यांचा पगारही कमी झाला, आणि तेव्हा कुठे मी पोछा आणला. वडिलांनी मिक्सरआधी सोफा घेतला होता. मी पोछ्याआधी दिवा घेतला. माझ्या वेळी तर पाहुण्यांचा धाकही नव्हता. नागपूरला मुलीकडे काम करायला बाई येणार हे ठरले त्याच दिवशी मी पोछा यादीत घातला, आणि भांडी घासण्यासाठी ओटा तिच्या उंचीला पुरतो का हे विचारून घ्यायला सांगितले.

कपडे धुण्याचे यंत्र मुलीने शेवटच्या क्षणी खोडले होते. एकटीचे तर कपडे, सुट्टीच्या दिवशी हाताने होतील, असे तिचे म्हणणे. तिच्या आजीचे वाक्य जवळजवळ शब्दशः तिच्या तोंडून ऐकताना मला कसेसेच झाले. मी फोन आईच्या हातात दिला. आई फार काही बोलली नाही. "सुट्टीच्या दिवशी सुट्टी घे, बाळा," एवढेच म्हणाली. यंत्र आले, जुने आले, पण चांगले चालते.

जेवणाचे टेबल, टीव्ही, काचेच्या कपांचा संच, बेकिंगची भट्टी आणि पडदे यांवर मी काट मारली तेव्हा तिने एका पडद्यांबद्दलच हट्ट धरला, कारण खिडकी पश्चिमेची आहे आणि दुपारचे ऊन थेट गादीवर येते. तयार पडद्यांचे पाच हजार होत होते. आईच्या कपाटात जुन्या, पाचवारी, जाड सुती साड्या आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्यांतल्या दोन तिने स्वतः काढून दिल्या आणि काठ वरच्या बाजूला येऊ दे म्हणून बजावले. उद्या एसटीने पार्सल पाठवायचे आहे. एकीचा फॉल अजून उसवायचा राहिला आहे.